गोधडीची उघडी बाजू

प्रिय संबोधी,

सप्रेम जय भीम. हे पत्र गोधडीच्या घडीत ठेवलंय, तेव्हा गोधडी उलगडण्याआधी वाच. पार्सल आलं की आधी फाडायचं आणि मग कुणी पाठवलं ते बघायचं, ही तुझी सवय मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस, बाई. आत सुई आहे.

तुझ्या आईचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून शिवणातली कतरन, चिंध्या निवडत होते. रत्नपालजींशी तुझं लग्न ठरलं, पुढच्या महिन्यात नागपूरलाच आहे, असं त्या इतकं जपून जपून सांगत होत्या, जसं काही मी फोनमधून अंगावर धावून जाणार होते. मी म्हटलं, अहो, फार बरं झालं. माझ्या प्रशिकला जाऊन चार पावसाळे झाले, पोरीनं एकटीनं किती काढायचे? आणि हे मी मनापासून म्हटलं, तोंडदेखलं नाही. नागपूरची नोकरी घे म्हणून तुझ्या मागे मीच तर लागले होते. इथे मल्हारगंजात अजून बोलतात, मंजुळाबाईनं सुनेला वाटेला लावलं म्हणून. बोलू देत. अपने को क्या! पण फोन ठेवल्यावर हातातली चिंधी कुठल्या ढिगात टाकायची, ते मला बराच वेळ सुचेना.

तुझी एक गोधडी माझ्याकडून द्यायची राहिली होती. तू कधी बोलून दाखवलं नाहीस. तुझ्या-प्रशिकच्या लग्नात देते म्हटलं होतं. मग शेजारच्या अंबिकाबाईंच्या नातवाचं बारसं आलं, मग कुणाच्या पोरीची पाठवणी, आणि दर हिवाळ्यात लोकांच्या ऑर्डरी पुढे, आपलं काम मागे. प्रशिक चिडवायचा, आई, घर की मुर्गी दाल बराबर. मी म्हणायचे, अरे भिया, घरचंच आहे ना, पळून चाललंय का कुठे? गेलंच की गं पळून. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेला आणि घरी आलाच नाही. अख्ख्या गल्लीत माझ्या हातच्या गोधड्या, आणि माझ्या घरात माझा मुलगा शेवटपर्यंत दुकानातलं ब्लँकेट घेऊन झोपला. हे माझ्या मनातून जात नाही, संबोधी. तूही तेच ब्लँकेट घेऊन गेलीस, तेव्हा रिक्षा वळेपर्यंत मी तुझ्याकडे नाही, त्या ब्लँकेटकडे बघत होते.

म्हणून या गोधडीला नवं कापड घेतलंच नाही. तू इथे असताना जे जे बेतलं, त्याचे उरलेले तुकडे मी एका गाठोड्यात बांधून ठेवले होते, ते सोडलं. तुझा तो पिस्ता रंगाचा कुर्ता निघाला, ज्याचा गळा मी खोल कापून ठेवला आणि तू मुकाट्यानं ओढणीला पिन लावून घालत राहिलीस. ती लाल बांधणी निघाली. आठवतं? तिचा रंग प्रशिकच्या बाबांच्या बनियनला लागला, आणि हा माणूस गुलाबी बनियन घालून खुशाल भाजी आणायला गेला! टेरिकॉट, नायलॉन सगळं बाजूला काढलं, सुती तेवढं ठेवलं. जुनं सुती कापड सुईला अडवत नाही. चौदा एप्रिलच्या पताकांचा निळा उरला होता, त्याची पट्टी डोक्याकडे लावलीय. निळा पायाकडे येऊ द्यायचा नाही, ही महूच्या माझ्या आईची शिस्त. तेव्हा पांघरताना बघून घे.

प्रशिकचं काही त्यात घालायचं नाही, हे मी ठरवूनच बसले होते. नवं घर, नवा माणूस, तिथे जुनं कशाला? आणि घालणार तरी काय? त्याचे कपडे आपण दोघींनी मिळून वाटून टाकले होते. एक तो सांवेर रोडच्या कारखान्यातला राखाडी शर्ट सापडला नव्हता, खिशाखाली ग्रीसचा डाग असलेला. तू कपाट उपसलंस, गाद्या उचलल्यास, शेवटी रडलीस. अगं, तो बाबांकडे होता. मला गेल्या हिवाळ्यात कळलं. स्वेटरच्या आत घालायचे, वर गळ्यापर्यंत बटणं लावून. धुवायला मला देत नसत. स्वतः न्हाणीत धुवायचे आणि दोरीवर टॉवेलखाली वाळत घालायचे. आणि मी तोवर तीन वर्षं त्यांना दगड म्हणत होते. मुलगा गेला तरी डोळ्यात पाणी नाही म्हणून किती बोलले असेन मी त्यांना! कळल्यावर मी दोरीवरचा तो टॉवेल तसाच राहू दिला.

परवा मी थर लावत होते. खाली अस्तर, मध्ये माझी जुनी पातळं, वर तुझे तुकडे. गोधडी कुणासाठी आहे ते बाबांना सांगितलं होतं. ते आले, तो शर्ट ढिगावर ठेवला, इस्त्री केलेला, आणि दूध आणतो म्हणून बाहेर पडले. दूध सकाळीच आलं होतं. मी कात्री घेतली. जन्मभर कापत आले, लोकांचे शालू कापले, हात कधी थबकला नाही. या वेळी कात्री चालेना. मग अख्खाच पसरला, निळ्या पट्टीच्या खाली, मधल्या थरात. वरून काही दिसत नाही. हात फिरवलास तर खिशाची शिवण लागेल, तेवढीच.

गुपचूप टाके घालून टाकता आले असते. पण तुझ्या नकळत तुझ्या संसारात काही सरकवून देणं मला पटेना. म्हणून डोक्याकडची बाजू उघडी ठेवलीय, निळ्या पट्टीत धावदोरा घातलेला नाही, सुईदोरा तिथेच टोचलाय. त्यासाठीच हे पत्र. शर्ट ठेवावासा वाटला तर आधी रत्नपालजींना सांग आणि मग शिव. त्या माणसापासून लपवू नकोस, त्याचा काय दोष? आणि नको वाटला तर बेलाशक काढ. मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू, पण राग येणार नाही. गोधडी तुझीच आहे, ती मनापासून पांघर. शर्ट तेवढा टाकू नकोस, परत पाठव. इकडे थंडी पडायला लागलीय, आणि बाबा नुसत्या स्वेटरवर फिरतायत.

तुझीच,
आई