साय काढलेलं दूध

पंचवटी, नाशिक
दि. १३ फेब्रुवारी १९७९

ती. लताताईस,
यशूचा सविनय जय भीम.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, तरी मंडईत तीच जाते. माझी बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं सोमवारपासून आहेत. दाजींचा खोकला गेला का? याआधी दोन पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही.

तुझ्या पत्रात कडेला एक ओळ होती. तुझा पुंजा हल्ली दिवेलागणीला उंबऱ्यात ठेचकाळतो, समोरची वाटी हाताने चाचपतो. "सासूबाई म्हणतात दृष्ट लागली," असं लिहून तू पपईच्या झाडाकडे वळलीस. मी चार दिवस त्याच ओळीवर अडकले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत कळवणला येऊन मी केलेला पराक्रम आठवतो ना? बाबा हृदयविकाराने गेले, डॉक्टर चरबी म्हणाले, आणि मी दोन धडे वाचून तुझ्या चुलीपुढे मास्तरीण झाले. तीन वर्षांच्या पोराचं तेल-तूप बंद, दूधही साय काढून. तुझ्या सासूबाई, धोंडाबाई, म्हणाल्या, "लेकराला तेल-तूप लागतंय, बाई. ते काय म्हातारं हाय?" त्यावर तू म्हणालीस, "यशू कॉलेजात शिकती. तुम्हाला काय कळतं त्यातलं?" मला तेव्हा केवढा अभिमान वाटला! आता लाज वाटते.

गेल्या आठवड्यात सरांनी मेदाचं प्रकरण पुरं केलं. ग्लिसरॉलचा कणा, त्याला मेदाम्लांच्या तीन शेपट्या, आणि कणगीतल्या धान्यासारखा अडीअडचणीचा साठा. आधी मला एवढंच ठाऊक होतं. पण अंगातल्या प्रत्येक पेशीचं आवरणही मेदाचंच असतं, दोन पदरी. डोकी पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. वाढत्या मेंदूला मेद लागतो. आणि ज्याच्यावर अंधुक उजेडातली नजर चालते, ते 'अ' जीवनसत्त्व मेदातच विरघळतं. जेवणात मेद नसला तर ते नीट अंगी लागत नाही.

माझा विश्वास बसेना. गाजर किसून एका वाटीत पाण्यात घातलं, दुसरीत तेलात. गाळल्यावर पाणी फिकटच, तेल केशरी. त्या केशरी रंगातूनच अंगात 'अ' तयार होतं, आणि तो पपईतही असतो. आई म्हणाली, "काय पोरखेळ लावलाय?" मी त्या केशरी वाटीकडे बघत राहिले. पुंजा रोज पपई खातो ना गं, नुसती, कोरड्या भाकरीबरोबर.

मैत्रिणीच्या भाच्याचं म्हणून सरांना विचारलं. ते म्हणाले, "मध्यंतरी गोवर आला होता का? गोवरात उरलासुरला साठाही संपतो. थांबू नका, उशीर झाला तर डोळाच जातो." पुंजाला मार्गशीर्षात गोवर आला होता.

ताई, पत्र वाचताच त्याला सरकारी दवाखान्यात ने. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस माग. वेळेवर मिळाला तर दोन-चार दिवसांत नजर येते, असं सर म्हणाले. साय आणि तेल आजपासून सुरू कर, आणि ते धोंडाबाईंच्या हातून. त्यांना सांग, पोराला कुणाची दृष्ट लागलेली नाही. चूक यशूची आहे.

खरं तर मीच यायला हवं होतं. काल कळवणच्या गाडीत बसले होते. गाडी सुटायच्या आत उतरले. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. म्हणून हे पत्र आपल्या गल्लीतल्या गोटीराम कंडक्टरांच्या हाती देते आहे, म्हणजे आजच तुला मिळेल.

शनिवारी येते. दुपारची गाडी पोचेपर्यंत दिवेलागण होईल. दिवा लावायची घाई करू नकोस आणि मी आले असं पुंजाला सांगूही नकोस. मी अंगणात गुपचूप उभी राहीन. त्याने लांबून "मावशी" म्हटलं, तरच उंबरा ओलांडेन.

तुझी,
दोन धडे शिकलेली
यशू