नोंदवहीत नसलेली सही

प्रिय ठकूताई,

आज रविवार, सकाळचे साडेनऊ. तीन कागद फाडून झाले, हा चौथा. फोनच करणार होतो. दोनदा नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत तोडला. तू विचारशील, मामा कसा आहेस, आणि मी मजेत म्हणून मोकळा होईन, एवढा मी मला ओळखतो. तुझी खबर तुझ्या आईकडून कळत असते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसतेस, आणि पहिल्याच आठवड्यात तिथे नोंदवही सुरू केलीस म्हणे. मालक वैतागला असेल. मला आधी हसू आलं, आणि मग चहाचा कप तसाच बाजूला सारला.

आपल्या लॅबचा सर्व्हर मागच्या महिन्यात पुन्हा पडला. मंगळवारी, भर कामाच्या वेळी. रक्ताचे नमुने मशीनमध्ये, रिपोर्ट कुठेच नाहीत, आणि खिडकीशी माणसांची ही रांग. तू गेल्याला सात महिने झाले, आणि तू टाकलेलं ते बॅकअपचं सॉफ्टवेअर काढून टाकल्यालाही तेवढेच. मग या खेपेला धरायचं कोणाला? मॅनेजरसाहेब माझ्याकडे बघत होते आणि मी स्क्रीनकडे. सर्व्हर परत सुरू केला, तर स्क्रीनवरच्या नोंदींच्या यादीत सगळ्यात वर तोच पिवळा त्रिकोण आला: क्रॅश डम्पची तयारी करता आली नाही. मी ती यादी झटकन बंद केली. नवीन म्हणून नाही गं. चांगला ओळखीचा होता म्हणून.

तुला हे समजवायची गरज नाही, पण त्या दिवशी मी जेवेना तेव्हा मामी हात धुऊन मागे लागली, म्हणून तिला सांगावं लागलं. म्हटलं, सर्व्हर अचानक कोलमडतो तेव्हा शेवटच्या क्षणी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते सगळं एका फायलीत ओतून जातो, तोच डम्प. नंतर ती फाइल वाचली की कळतं घात कोणी केला. हा त्रिकोण सांगतो की लिहायला मला जागाच ठेवलेली नाही, मी पडलो तर तुम्हाला कारण मिळणार नाही. मामीला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. तिने भाजी वाढता वाढता एवढंच विचारलं, "मग ती जागा काढून कोणी घेतली?" मी ताटाकडे बघत म्हणालो, बघतोय.

तुला तुझा पहिला दिवस आठवतो का? मी तुला बजावलं होतं, घरी मामा, इथे सर. जेमतेम तासभर टिकलं ते. सगळ्यांदेखत "मामा, पासवर्ड काय?" असं ओरडलीस आणि सगळी लॅब हसली. त्याच दिवशी मी तुला सर्व्हरच्या कपाटाला दोरीने बांधलेली नोंदवही दाखवली. तारीख, वेळ, काय केलं, कोणी केलं. सर्व्हरला हात लावायचा तर आधी इथे लिहायचं, एक बटण दाबलं तरी. दोन मिनिटांच्या कामाचीच पुढे दोन दिवस शोधाशोध होते, असं व्याख्यानही झोडलं होतं. तू मान डोलावलीस, आणि तुझा स्वभावच तसा, तू अक्षरशः तसंच करत राहिलीस. त्या बुधवारी बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलंस, तर ठळक अक्षरात लिहून खाली सही केलीस.

गुरुवारी सर्व्हर पडला. चार तास रिपोर्ट नाहीत, एक ऑपरेशन पुढे ढकललं, मोठ्या डॉक्टरबाई संतापलेल्या. कारण शोधायला गेलो तर डम्पची फाइलच नाही. मग मॅनेजरसाहेबांनी नोंदवही उघडली. त्या पंधरवड्यात एकच नोंद होती, तुझी. "ही सही कोणाची?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "माझी." आणि माझ्याकडे बघितलंस. मामाकडे बघावं तसं, सरांकडे नाही. मी चष्मा पुसत बसलो. संध्याकाळी मीच तुला म्हणालो, राजीनामा देऊन टाक, नाव खराब होणार नाही, पुढचं मी सांभाळतो. तू दिलास. माझं म्हणणं तू कधी मोडलंच नाहीस, हीच तर पंचाईत आहे.

आता ऐक. त्या गुरुवारच्या दहा दिवस आधी, सोमवारी, सर्व्हरची मुख्य डिस्क काठोकाठ भरली होती. डम्पसाठी जी मोठी फाइल त्या डिस्कवर लागते, ती मी उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकली. पुढच्या सोमवारपर्यंतच, असं मनाशी म्हटलं. सोमवारी विसरलो. आणि नोंदवहीत लिहिलं नाही, कारण दोन मिनिटांचं काम होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. गुरुवारी सर्व्हर परत सुरू करताना तो पिवळा त्रिकोण पाहिला आणि मला तिथल्या तिथे सगळं उमगलं. तू अजून शेजारच्याच खोलीत होतीस, ठकू. सेटिंग जागेवर आणायचं तर नोंद करावी लागणार, आणि नोंद केली की विचारणार, हे कधीपासून असं आहे? म्हणून मी ते तसंच राहू दिलं. सात महिने, दर वेळी सर्व्हर सुरू करताना, मी तो त्रिकोण बघायचो आणि स्क्रीनवरची यादी बंद करायचो. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच.

मामीच्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशी फाइल जागेवर आणली, हवी तेवढी मोठी केली, आणि नोंदवहीत लिहिलं. सर्व्हर सुरू केला, त्रिकोण आला नाही. मग माझे जे दिवस गेले ते कोणावर येऊ नयेत. लोक सर्व्हर चालावा म्हणून देव पाण्यात ठेवतात, मी तो पडावा म्हणून ठेवले होते, आणि पडला तर खिडकीशी उभ्या लोकांचं काय, म्हणून पुन्हा भीती. पंखा जरा वेगळा वाजला तरी जीव वर-खाली. नवव्या दिवशी सव्वाअकराला पडला. या वेळी मात्र फाइल होती. दोष तुझ्या सॉफ्टवेअरचा नाही. डिस्क जोडणारं कार्ड चालवणारा जुना प्रोग्रॅम, त्याचा ड्रायव्हर, मेमरीत नको तिथे लिहीत होता. तू नोकरीला लागायच्या वर्षभर आधी बसवलेला. कोणी बसवला ते विचारू नकोस, त्या पानावर सही माझी आहे.

गेल्या रविवारी तुझी आई आली होती. जाताना दारात थांबून म्हणाली, "तू होतास म्हणून पोरगी इज्जतीने सुटली." माझी धाकटी बहीण, माझे आभार मानत होती. मी हसलो. ती गेल्यावर जिन्यातच बसून राहिलो आणि रडलो. दाराआड मामी उभी होती. तेव्हा तिला सगळं सांगितलं.

उद्या दहा वाजता मॅनेजरसाहेबांची वेळ घेतली आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, ठेवतील की घरी बसवतील माहीत नाही, आणि खरं सांगतो, मी फार घाबरलो आहे. त्या दिवशी तू समोर असून मला बोलता आलं नाही. उद्या तर तू नसशील. केबिनमध्ये शिरेन आणि पुन्हा चष्मा पुसत बसेन, याचीच धास्ती आहे. म्हणून आज दुपारी हे पाकीट मामी स्वतः तुझ्या हातात देईल. आत डम्पच्या तपासणीची प्रिंट आहे, फाइल मी कोणत्या तारखेला हलवली त्याचा पुरावा आहे, आणि तुझ्या सहीच्या पानाचा फोटो आहे. मी उद्या बोललो तर बरंच. नाही बोललो, तर परवा हे घेऊन तू साहेबांकडे जा आणि माझ्यासमोर टेबलावर ठेव. माझी भीड धरू नकोस. आईलाही तूच वाचून दाखव, मला तिच्यासमोर वाचवणार नाही. माफी मागायला येईन, पण तू ये म्हटलंस तरच. एक नोंद तेवढी राहिली होती, ती आता करतो.

तारीख: सर्व्हर पडला त्या गुरुवारच्या आधीचा दुसरा सोमवार. वेळ: दुपारी तीन. काय केलं: डम्पची फाइल हलवली, आणि नंतर गप्प बसलो. कोणी केलं: मी.

तुझाच,
मामा