ऐकू आलं की एकदा

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! नवंकोरं घर, आठ नंबर. एका ओळीत भिंतीला भिंत लावून बारा घरं, सगळी एका साच्यातली. दारांचे रंग तेवढे वेगळे. माझं पिवळं. तीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात लोकांचे कान तपासले, घरी आले की वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांची फरफट ऐकली. आता पुरे. माहितीपत्रकात छापलंय, ‘शेजारी आहेत हेच विसराल!’ भाची सामान लावायला आली होती. म्हणाली, मावशी, इथे तक्रारीला जागाच नाही, तुझं कसं व्हायचं गं? म्हटलं, होईल काहीतरी सोय.

६ फेब्रुवारी
सोय झाली. दर्शनी विटा या विटा नाहीतच. विटांच्या चकत्या चिकटवल्यात. एक माझ्या नखाने निघून हातात आली. दारापुढच्या खांबाला टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा वाजतो. जिन्याच्या चौदा पायऱ्यांत दोन सारख्या उंचीच्या नाहीत. आमच्या कॉन्व्हेंटात समास वाकडा आला तर सिस्टर पान फाडायला लावायच्या. इथे आल्या असत्या तर अख्खी ओळ फाडावी लागली असती. कंपनीच्या सुपरवायझरला बोलावून सगळं दाखवलं. प्रत्येक गोष्टीला त्याचं एकच उत्तर, होऊन जाईल मॅडम. मी त्याचं नावच ‘होऊनजाईल’ ठेवलंय. तक्रारी क्रमांक घालून लेखी दिल्या. आज एक ते सहा.

९ फेब्रुवारी
सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवला, तर नऊ नंबरच्या बाजूच्या भिंतीतून टक् झालं. चमचा पडला. टक्. मी खोकले. टक्. म्हणजे मी माझ्या घरात खोकायचंही नाही? नऊ नंबरवाल्यांचा आगाऊपणा बघून घेते. तक्रार सात.

११ फेब्रुवारी
नऊ नंबर अजून विकलंच गेलेलं नाही. होऊनजाईलने कुलूप काढून दाखवलं. आत कुणी नाही, फरशीवरचा प्लॅस्टिकचा कागदही तसाच. म्हणाला, पाइप वाजत असेल. मग बोलता बोलता त्याची जीभ घसरली: आधीच्या मॅडमपण हेच म्हणायच्या. आधीच्या? माझ्या घरात माझ्याआधी कुणी बाई चार महिने राहून गेली! म्हणे तिच्याही रोज तक्रारी असत, मग एक दिवस न सांगताच गेली, सामानही न्यायला आली नाही. आणि मला घर नवंकोरं म्हणून गळ्यात मारलं. लाजा कशा वाटत नाहीत? तक्रार आठ.

१४ फेब्रुवारी
आवाज अडवायला त्या भिंतीवर पिवळा लोकरी थर आणि त्यावर नवी फळी बसवली. खोली वीतभर आत आली. दोघे कारागीर कान उघडे ठेवून ड्रिल चालवत होते! चांगलं झापलं. काम थांबवून मी स्वतः बाजारात गेले आणि कानांवर घालायच्या जाड कपांच्या दोन जोड्या घेऊन आले. म्हटलं, हे काढून काम करताना दिसलात तर बघा. धाकटा हसून म्हणाला, मॅडम, आता तुमचं बोलणंपण ऐकू येणार नाही. म्हटलं, नको येऊ दे, कान वाचवा.
टक् अजून आहेच, पण लांबून.

१६ फेब्रुवारी
दुसरा थर लावला. तरीही आहे. बाकी कुणाला ऐकू येणार नाही, पण माझे कान तीस वर्षं याच कामावर घासलेत. शिवाय जिन्याखालच्या कपाटातली फळी ढिली सोडून गेलेत. मागे दोन भिंतींमधली पोकळी दिसते, माणूस आडवं होऊन शिरेल एवढी. तक्रार अकरा, जशीच्या तशी उतरवून ठेवते: ‘उद्या सकाळी बरोबर नऊला फळी कायमची पक्की करावी. मी घरात असो वा नसो, वाट पाहू नये, हाका मारत वेळ घालवू नये. किल्ली कुंडीखाली.’

१७ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ
पहाटेपासून एकच विचार. टाचणी टाकली, एक टक्. टाळी वाजवली, एक टक्. कधी दोन नाहीत. कधी आधी नाही.
इस्पितळातल्या बंद खोलीत पेशंटने दाबायचं बटण कायम बिघडलेलं असायचं. म्हणून मी प्रत्येकाला सांगायचे: आवाज कितीही बारीक असू द्या, ऐकू आला की काचेवर टक् करा. एकदाच.
हा आगाऊपणा नाही. आत कुणीतरी मला सांगतंय, तू ऐकू येतेस.
आणि मी काय केलं? वर दोन थर चढवले.
बॅटरी घेतली. ही वही घेतली, काय दिसतं ते लिहायला. पाच मिनिटांत बघून येते.

१७, नंतर
पोकळी लांब आहे. वळायला जागा नाही. वीत वीत करत वीस पावलं आडवी सरकले, घड्याळाचं भान राहिलं नाही. खाली चष्मा सापडला, बायकी, दोरी लावलेला. माणूस नाही.
तेवढ्यात मागे ड्रिल.
ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. सरकत परत येईपर्यंत फळी बसली होती. बरोबर नऊला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी वेळेवर आलं.
मुठींनी बडवलं. त्यांच्या कानांवर कप. मीच आणलेले.

१८ की १९
टेबलावर फोन वाजतोय. अकरा वेळा. मोजलं.
बाहेरचं सगळं आत ऐकू येतं. आतलं बाहेर जात नाही. तेवढं काम मात्र चोख केलंय मेल्यांनी.

बॅटरी पिवळी पडली —

तारीख नाही
पावलं. भाची! होऊनजाईल सोबत आहे. सांगतोय, मॅडम रागावून गेल्या असतील, रोजच तर चिडायच्या. ती म्हणते, न सांगता? माझी मावशी न भांडता कुठे जात नाही हो.
शहाणं माझं पोर.
लहानपणी सुट्टीत माझ्यासोबत इस्पितळात यायची. त्या खोलीत बसायची. तिला नियम माहीत आहे. ओरडून उपयोग नाही, पण हे तिला कळेल. तिच्या प्रत्येक वाक्याला एकदा. चष्म्याच्या दांडीने. टक्.
टक्.
थांबली. गप्प झाली. भिंतीजवळ आली. श्वास ऐकू येतोय तिचा. ऐक गं —
म्हणाली, किती शांत आहे इथे. मावशीला हवं होतं अगदी तसं.
आणि रडली.
ते ऐकू आलं, म्हणून मी पुन्हा एकदा

माझ्या पाठीमागे, अंधारात, अगदी जवळ, कुणीतरी — एकदा —