पेटीचा कंडेन्सर

दुर्गाघाट, वाराणसी
४ ऑगस्ट १९८७

चि. उल्हास यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू कॉलेजात असताना ठोकलेल्या स्पीकरच्या पेटीने घरात महाभारत मांडलंय. आप्पांनी पाठशाळेत सगळ्यांसमोर रामघाटच्या बिंदुमाधवकाकांना सुनावलं की तू हल्ली श आणि स गिळतोस, मी तुझ्याबरोबर घनपाठाला बसणार नाही. समोरासमोर बसून वेद म्हणणारी तीस वर्षांची जोडी! पुरावा म्हणून काकांचं म्हणणं टेपवर घेतलं, पेटीवर लावलं, तर काका शांतपणे म्हणाले की दोष पेटीचा आहे. मलाही आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला. आता पेटी सुधारेपर्यंत निवाडा नाही. आप्पा अर्ध्या पोळीवर उठतात. वीट आलाय मला. काय बदलायचं ते कळव.

लोभ आहेच, आधी उत्तर धाड.

तुझी ताई शरदिनी


पुणे
१३ ऑगस्ट १९८७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पेटीला नावं ठेवू नकोस, दहा वर्षांत तुझ्याही गुडघ्यांचा आवाज बदललाय. लहान स्पीकरच्या वाटेत एक कंडेन्सर आहे, तो फक्त उंच पट्टीचा आवाज पुढे सोडतो. श-स तिथूनच येतात. मी स्वस्तातला इलेक्ट्रोलिटिक लावला होता, त्याच्या आतलं ओलं रसायन सुकलं असणार. त्या जागी प्लास्टिक फिल्मचा आण. चार मायक्रोफॅरडचाच हवा, व्होल्ट जास्त असले तरी चालतील. दुकानदार गळ्यात मारेल ते घेऊन येऊ नकोस.

आप्पांना नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझा उल्हास


दुर्गाघाट
२५ ऑगस्ट १९८७

चि. उल्हास यास अनेक आशीर्वाद.

पाय तुटले माझे. दोन दुकानदारांनी इलेक्ट्रोलिटिकच पुढे केला. शेवटी पंखे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने चक्क पंख्याचा कंडेन्सर काढला. मी भांडले, तेव्हा म्हणाला की दीदी, हा फिल्मचाच आहे आणि चारचाच, भैयाला पूछ लो. लावला, आणि काय सांगू! काकांचा एकेक स निवडलेल्या तांदळासारखा सुटा. शेजारच्या कालिंदीलाही स्वच्छ ऐकू आला. आप्पा मात्र म्हणाले की अजून गिळतोय, दुसरा आण. तीनदा टेप लावली, तीनदा तेच.

पेटी बरी आहे रे. आप्पांना ऐकू येत नाही. ज्यांनी जन्मभर कानावर विद्या सांभाळली त्यांना हे मी कोणत्या तोंडाने सांगू? संताप येतो आणि रडूही येतं. तू लांब आहेस, तूच लिही.

तुझी ताई


दुर्गाघाट
१० सप्टेंबर १९८७

चि. उल्हास यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्या हातात देऊन शरदिनी स्वयंपाकघरात पळाली. वाचून आधी तुझाच राग आला. मग रामघाटावर जाऊन बिंदुमाधवाची क्षमा मागितली. माझ्या कानांचं त्याला वर्षापूर्वीच कळलं होतं. चारचौघांत माझी शोभा होऊ नये म्हणून त्याने पेटीवर ढकललं. आणि अशा माणसाला मी पाठशाळेत बोललो.

आज पुन्हा बसलो. त्याने एवढंच सांगितलं की डोळे मिटून म्हणायची सवय सोड, माझ्या ओठांकडे बघ. तीस वर्षं समोर बसून त्याचं तोंड मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. फार म्हातारा झालाय रे.

प्रकृतीस जपावे.

आप्पा