गार्डची बदली

४ नोव्हेंबर

मेला हलकट! आपल्याच सोसायटीचा गार्ड — अहिल्या कॉलेजातून आली तर तिच्यामागोमाग लिफ्टमध्ये शिरला, हात धरला. सोडेना. पोरगी कशीबशी हात सोडवून वर आली. मी तडक खाली. तर दात काढून म्हणतो, "मॅडम, ड्यूटी कर रहे हैं."

५ नोव्हेंबर

अहिल्याला घेऊन चौकीत गेले. सब-इन्स्पेक्टर धीरज सिंह. गोड बोलला, चहा मागवला. तक्रारीच्या कागदाला मात्र हात लावेना!

संध्याकाळी नवऱ्याला, गुणवंतला, सांगितलं तर शांतपणे म्हणतो, "अगं, गार्डची एजन्सी त्या सब-इन्स्पेक्टरचीच. नावाला बायकोची. म्हणून तर कमिटीने घेतली — पोलिसाचे गार्ड म्हणजे काळजी नको." वा! म्हणजे नोकर त्याचा, आणि तक्रारही त्याच्याकडेच. माझं डोकंच फिरलं.

७ नोव्हेंबर

डोळ्याला डोळा नाही. वरच्या साहेबांकडे जाऊ, म्हटलं. गुणवंतचं आपलं एकच — "त्या गार्डची बदली करायला सांगू ना." आयुष्य केंद्र सरकारात गेलेला माणूस! ह्यांच्या ऑफिसात कुणी काहीही केलं तरी हेच औषध.

८ नोव्हेंबर

अहिल्या जेवली नाही. "आई, मला एफआयआर करायचीय यार, बस्स."

१० नोव्हेंबर

धीरज सिंह घरी आला. वर्दीतच! "बच्ची का करियर है, मॅडम. लिखकर दे दीजिए कि कोई शिकायत नहीं. कल से वो यहाँ नहीं दिखेगा." पोलीस बोलतोय की मालक, कळेना. गुणवंत लगेच, "बिल्कुल, बिल्कुल."

लिहून दिलं. मीच. गुणवंतवर चिडत होते, पण सुटल्यासारखं मलाही वाटलं. अहिल्या खोलीबाहेर आली नाही.

१५ नोव्हेंबर

फाटकावर आता एक म्हातारा गार्ड आहे. वाकून नमस्ते करतो. चलो, मिटलं! अहिल्या अजून बोलत नाही माझ्याशी. बोलेल. कुठे जातेय?

२ डिसेंबर

अहिल्याची मैत्रीण रुचिरा बॅग घेऊन आलीय, सारखी रडतेय. इथल्याच मुनिरका भागात मुलींच्या पीजीत राहायची. तिथला नवा गार्ड परवा खोलीत शिरला. तिने लपून त्याचा फोटो काढला होता. अहिल्याने तो माझ्यासमोर धरला. इतक्या दिवसांनी बोलली —

"बघ आई. तुमची बदली."