अडकित्त्याने कातरलेली गोळी

चंदनसार, विरार (पूर्व)
२४ मे १९९७

सौ. विनिताताईंना सुधाकरचा साष्टांग नमस्कार.

अण्णांचे गुडघे कसे आहेत? साताऱ्याचा उन्हाळा तुम्हा उभयतांना सोसवत असेल अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

परवा तुमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर मी नुसतं ‘मीराला पूर्ण गोळी द्या, रिकाम्या पोटी!’ असं ओरडलो आणि फोन ठेवला. (मागे रांग होती, आणि कारण सांगायचा धीरही नव्हता.) ते कारण आता लिहितो. तुमच्या बहिणीची ही अवस्था दुसऱ्या कोणी नाही, मी केली.

मीराच्या थायरॉइडची गोळी गेली दोन वर्षं चांगली लागू पडली होती. मग तिचं रक्त कमी भरलं, म्हणून लोहाची गोळी सुरू झाली. मी पडलो सोसायटीचा सेक्रेटरी, जिन्यातला दिवासुद्धा दुसऱ्याने लावलेला मला खपत नाही. मी दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदमच द्यायला लागलो, कसं आटोपशीर! मार्चमध्ये रक्त तपासलं तर टीएसएच चौदा, आणि कंसात लिहिलेलं की चारच्या आत हवा. डॉक्टर ग्रेसी लेकीच्या लग्नासाठी गोव्याला गेलेल्या. त्यांची वाट पाहील तो सेक्रेटरी कसला? आकडा वाढला म्हणजे औषध जास्त होतंय, असा निकाल देऊन मी आईच्या अडकित्त्याने गोळी अर्धी कातरली. (सुपारी सोपी. गोळीचा अर्धा तुकडा फरशीवर उडायचा, तो मुंग्या न्यायच्या. आमच्या मुंग्या सध्या फार चपळ आहेत.)

मीरा मात्र मंदावत गेली. मे महिन्यात, विरारमध्ये, स्वेटर घालून पंखा बंद करून बसायची. लसूण सोलता सोलता तिचा डोळा लागायचा. आवाज इतका घोगरा झाला की दाराआडून ऐकून गॅसवाला तिला ‘काका’ म्हणाला. ताई, हे सगळं मी पाहिलं आणि त्याला कंटाळा समजलो. तुम्ही आलात त्या दिवशी तुमच्यादेखत तिला ‘आळसोबा’ म्हणालो आणि एकटाच हसलो. तुम्ही तिच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलंत आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलात. मला तुमचा भयंकर राग आला. माझ्या घरात माझ्या बायकोला काय कमी होतं? गोळी कमी होती.

मग मी डॉक्टर ग्रेसींकडे गेलो, तोही त्यांचं औषध लागू पडत नाही अशी तक्रार घेऊन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. “काय ओ सेक्रेटरी, टाकी सुकली की बिल्डिंगमध्ये बोंबाबोंब वाढते ना? मग बोंबाबोंब वाढली म्हणून तुम्ही वॉल्व बंद करता काय?” टीएसएच म्हणजे थायरॉइड नव्हे; डोक्यातली ग्रंथी घशातल्या ग्रंथीला जी हाक मारते, ती. थायरॉइड कमी पडलं की ही हाक वाढते. शिवाय चहा आणि लोहापुढे आधीची पूर्ण गोळीही तिच्या अंगी लागत नव्हती. ते निस्तरायचं सोडून मी तीच कातरली! तिसऱ्या मजल्यावरून ओरड आली की अर्ध्या तासात टँकर बोलावणारा माणूस मी. घरातली हाक तेवढी मला ऐकू आली नाही. फार वाईट वाटतं, ताई.

तेव्हा सकाळी उठल्याबरोबर पूर्ण गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा तासाभराने, लोहाची गोळी रात्री. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. फरक हळूहळू पडेल, तोवर कोणी शहाणपणा करायचा नाही, असं डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं आहे. अण्णांना नमस्कार.

आपला,
सुधाकर

ता. क. रिपोर्ट थेट डॉक्टर ग्रेसींना पाठवा, माझ्या हाती नको. अडकित्ता पार्सलने पाठवला आहे. अण्णा सुपारी खातात, त्यांना उपयोगी पडेल.

पुन्हा ता. क. मीराला एक विचाराल का? तुम्हीच विचारताय असं दाखवा. मी आळसोबा म्हणालो तेव्हा ती गप्प राहिली. तिला काही वाटलं नव्हतं, की बोलायचं त्राण नव्हतं? त्राण नव्हतं म्हणाली तर मला कळवू नका. (नको, कळवाच. आणि त्राण आलं की काय बोलायचं ते इथे येऊन बोल म्हणावं. मी मधे बोलणार नाही.)