पायऱ्या उतरणारी वाफ

म्हैसूर
दि. ५-९-१९६८

चि. वनजा हिस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहिते, कारण परवा तसं लिहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

श्रीनिवासच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या, उदबत्ती कारखान्यात बुडवणीची खोली माझ्याकडे आहे हे तू जाणतेस. सुकल्या काड्यांची जुडी सुगंधात बुडवायची, निथळवायची, पसरायची. पूर्वी सुगंध तेलात कालवलेला असे, काकवीसारखा दाट. थेंब सुटेपर्यंत एक आरती म्हणून व्हायची. आषाढापासून श्रीनिवासने बेंगळूरहून पिंपं आणलीत. आत काय आहे विचारलं तर पातळ म्हणतो. पातळ तर आहेच. बोट घातलं की गार पडतं आणि बघेपर्यंत कोरडं. दुपारपर्यंत बायकांची डोकी जड होतात. सीतालक्ष्मी म्हणते दृष्ट लागली. मी म्हटलं, दृष्ट लागण्यासारखं तुझ्यात आहे काय ते तरी सांग.

परवा मी पिंपाचं बूच काढलं. चहाची शेगडी खाली अंगणात, तीन पायऱ्या उतरून पुढे दहा पावलं लांब. जाळ शेगडीतून उठला आणि पायऱ्या चढून आमच्याकडे आला. काही सांडलं नव्हतं. मी बूच दाबून बसवलं, पण ताटातलं पातळ पेटलं आणि सीतालक्ष्मीचा पदरही. पदर मी ओल्या गोणपाटात गुंडाळला. हात भाजलाय तिचा, पण बोटं हलतात. आमचा मॅनेजर गुंडेराव शहाणा, त्याने ताटावर बादलीभर पाणी ओतलं. जाळ पाण्यावर बसून मोरीकडे निघाला. शेवटी बांधकामाची वाळू टाकली तेव्हा मेला.

श्रीनिवास म्हणतो ठिणगी उडाली असेल. दहा पावलं उडून पायऱ्या चढणारी ठिणगी मी पाहिलेली नाही. तू रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये आहेस. काय झालं ते चौथी नापास बाईला कळेल असं लिही.

जेवत जा. फोटोत नुसती हाडं दिसतात.

आशीर्वाद मागायची गरज नाही, ते चालूच आहेत.
रुक्मिणीबाई

बेंगळूर
दि. १०-९-१९६८

तीर्थरूप आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. माझं मराठी अडखळलं तर हसू नकोस.

जळतं ते पातळ नाही, त्याची वाफ जळते. दाट तेल साध्या उन्हाळ्यात वाफ सोडत नाही, त्याला आधी चांगलं तापवावं लागतं. तुमचं पातळ थंडीतही सोडतं, म्हणून बोट गार पडतं. ही वाफ दिसत नाही, आणि ती हवेपेक्षा जड असते. चुलीच्या धुरासारखी वर जात नाही. जमिनीला चिकटून पाण्यासारखी उताराने वाहते. ती पायऱ्या उतरून शेगडीपर्यंत गेली होती. तिथे पेटली आणि जाळ आल्या वाटेने परत फिरला. वरच्या खिडक्या उघडून काही होत नाही, भोकं जमिनीलगत पाहिजेत. पातळ पाण्याहून हलकं, म्हणून पाण्यावर तरंगतं. वाळू, झाकण, ओलं गोणपाट, हेच खरं. तू बरोबर केलंस.

आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी पत्र्याची पन्हळ तिरकी ठेवून हे दाखवलं होतं. वरच्या टोकाला वाटीत पातळात भिजवलेली चिंधी, खालच्या टोकाला दिवा. थोडं थांबलं की जाळ खालून वर धावतो. आजी, तू हे करून बघू नकोस.

आणि श्रीनिवासकाकांशी भांडू नकोस. तुझी राहती खोली त्यांच्या आवारात आहे. दिवाळीत मी येते, मग मी बोलेन.

तुझी काळजी करणारी आणि तुझ्या शिव्यांना मुकलेली,
वनजा

म्हैसूर
दि. २४-९-१९६८

चि. श्रीनिवास यास आशीर्वाद. वि. वि.

तू माझ्याशी बोलायचं टाकलंस आणि गुंडेरावाकरवी निरोप धाडतोस. माझ्याकडे गुंडेराव नाही, म्हणून कागद.

खंडेनवमीला दरसाल बुडवणीच्या खोलीत पिंपांना गंध लागतं, कोहळ्यावर कापूर पेटवून तो पिंपांभोवती ओवाळतात आणि उंबऱ्यात फोडतात. यंदा तसं होणार नाही. वनजाने कारण लिहिलंय, पत्र सोबत आहे, चष्मा लावून वाच. तेल होतं तेव्हा चाललं. माल बदललास, रीत तीच ठेवलीस.

आपण शिपायांच्या घरचे. तुझ्या आजोबांच्या तलवारीला मीही नवमीला फुलं वाहिली आहेत. पूजा झाली म्हणून कुणी तिच्या पात्यावर मान ठेवत नव्हतं.

देवीला पिंपाशेजारीच बसायची हौस नाही. तराजू, ताटं, सायकली अंगणात आण, तिथे हवा तेवढा कापूर जाळ. बुडवणीत काडी ओढायची असेल तर मला ओलांडून जावं लागेल, आणि मी बारीक नाही.

तुझ्या आईची बहीण, अजून शुद्धीवर असलेली,
रुक्मिणीबाई

म्हैसूर
दि. २५-९-१९६८

तीर्थरूप मावशीस, सा. न. वि. वि.

पत्र पावले. कारखान्याला एकतीस वर्षे झाली. बाबांच्या वेळेपासून पूजा आतच होते आणि त्यात कधी काही घडलेले नाही. पूजा न झालेल्या खोलीत बायका कामाला बसत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलेत. चार पुस्तके वाचलेल्या मुलीच्या सांगण्यावरून कुळाचार मोडता येणार नाही.

नवमीपासून बुडवणी सीतालक्ष्मी बघेल. आपण विश्रांती घ्यावी. आपल्या राहत्या खोलीविषयी दसऱ्यानंतर बोलू.

आपल्या प्रकृतीचे कुशल चिंतणारा,
श्रीनिवासराव

म्हैसूर
दि. २-१०-१९६८

चि. वनजा हिस आशीर्वाद. वि. वि.

तू करू नकोस म्हणालीस ते केलं. माझ्या खोलीच्या वळचणीची पन्हळ उतरवली, एक टोक उखळावर, एक जमिनीवर, अंगणाच्या मधोमध. वर वाटीत चिंधी, खाली समई. नवमीची सकाळ, सगळा कारखाना नवी लुगडी नेसून हजर. व्यासराज भट कोहळा घेऊन बुडवणीकडे निघालेले. मी म्हटलं, भटजी, पाच मिनिटं इथे थांबा, मग खुशाल आत जा.

श्रीनिवास म्हणाला मावशी, तमाशा नको. मी म्हटलं अजून सुरू कुठे झालाय. गुंडेरावाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की दिवा इकडे, वाटी तिकडे, मधे हातभर नुसती हवा, म्हातारीला भ्रम झालाय. तो बोलत असतानाच निळा जाळ समईपासून निघाला आणि पन्हळीतून वर पळाला. वाटी भडकली. मी ताट पालथं घातलं. विझलं.

बायका पन्हळीकडे बघत नव्हत्या गं. बुडवणीच्या पायऱ्यांकडे बघत होत्या.

व्यासराजांनी कोहळ्यावरचा कापूर काढून कनवटीला लावला आणि कन्नडात म्हणाले, हब्बा, म्हणजे सण, अंगणात केला तरी देवीचं काही बिघडत नाही. सीतालक्ष्मी, नवी मुख्य, भाजलेल्या हाताने बुडवणीचं दार ओढून आली आणि अंगणात मांडी घालून बसली. बाकीच्या तिच्यामागे. पूजा तिथेच झाली. कोहळा सायकलींपुढे फोडला.

श्रीनिवासने सगळ्यांदेखत मला महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. मी बरं म्हटलं. पन्हळ परत बसवून देईन असंही म्हटलं.

रडत बसलीस तर पत्र पाठवू नकोस, शाई पसरते.
तुझी आजी

म्हैसूर
दि. ४-११-१९६८

चि. वनजा हिस आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीला आलीस तेव्हापासून बेंगळूरला चल म्हणते आहेस. तिथे मी काय करू, तुझ्या बाटल्या पुसू? सीतालक्ष्मीच्या घरामागची खोली घेतली आहे. छप्पर गळत नाही, घरमालकीण गळते, सतत बोलते.

शेगडी कुंपणापलीकडे गेली. बुडवणीच्या भिंतीला जमिनीलगत सहा भोकं पाडलीत, जाळी लावून. कुणाच्या सांगण्यावरून ते श्रीनिवास सांगत नाही. मी विचारलंही नाही.

मी रोज सकाळी गेटाबाहेर तीन पायांचं तिकाटणं टाकून बसते. आत जाणाऱ्याने काडेपेटी, विडी, सिगरेट माझ्या डब्यात टाकायची, जाताना न्यायची. मला कुणी नेमलेलं नाही. गुंडेराव हटवायला आला, तेव्हा बायका गेटाबाहेरच थांबल्या, कुणी भांडलं नाही, आत मात्र गेल्या नाहीत. तासाभराने तो हटला.

श्रीनिवास रोज मी खांब असल्यासारखा शेजारून जायचा. शनिवारी मी काठी आडवी धरली. मागे चाळीस बायका. म्हटलं, मालकाची काडी काही वेगळी जळत नाही. त्याने लायटर काढून डब्यात टाकला. संध्याकाळी घेऊन गेला.

आज आला आणि मी काठी उचलायच्या आत उभा राहिला. दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. रिकामे होते. मी काठी बाजूला घेतली आणि तो आत गेला. आवारातली खोली त्याची त्याला लखलाभ.

पत्रात माया कमी वाटली तर दोनदा वाच.
तुझी आजी,
रुक्मिणीबाई